मास्क लावून वर्ग शिकवताना: आवाज न चढवता शेवटच्या बाकापर्यंत पोहोचण्यासाठी

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातली मास्कची सक्ती उठली. तरी वर्गात मास्क लावायची वेळ अजूनही येते. फ्लूची साथ असते, वर्गातल्या एखाद्या मुलाची केमोथेरपी चालू असते, शिक्षकांनाच प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतात, नाहीतर शाळेच्या कुंपणाला लागून रस्त्याचं काम निघतं आणि खिडक्यांतून दिवसभर धूळ येत राहते. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना अशा वेळी काय करायचं हे कुणी सांगत नाही. मग पहिल्या दोन दिवसांत घसा बसतो, आणि मुलांना तरीही अर्धंच कळलेलं असतं.

मास्क नेमकं काय अडवतो

मास्कमुळे आवाज बारीक होतो, असं आपण समजतो आणि मोठ्याने बोलायला लागतो. सगळी गडबड इथेच होते. मास्क सगळा आवाज सारखा अडवत नाही. अ, आ, ओ यांसारखे स्वर जाड, खालच्या पट्टीतल्या ध्वनिलहरींचे असतात आणि ते कापडातून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर येतात. अडतात त्या वरच्या पट्टीतल्या लहरी, साधारण २००० हर्ट्झच्या पुढच्या. स, श, च, छ यांची ओळख त्याच पट्टीत असते. ख, थ, फ, ठ या महाप्राणांतला श्वासाचा झोतही तिथेच मरतो. तीन पदरी सर्जिकल मास्क या पट्टीत ३ ते ४ डेसिबल खातो, एन-९५ त्याहून जास्त, आणि तोंडासमोर प्लास्टिकची खिडकी असलेला पारदर्शक मास्क १० डेसिबलच्या आसपास.

ओरडल्याने हे भरून निघत नाही. ओरडताना स्वर मोठे होतात, व्यंजनं त्या मानाने होत नाहीत. त्यामुळे मागच्या बाकावर आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही.

दुसरं नुकसान डोळ्यांचं. प, फ, ब, भ, म ओठांवर होतात. ‘मळ’ आणि ‘नळ’ यांत कानाला फारसा फरक लागत नाही. तो फरक मूल एरवी ओठ मिटलेले पाहून ओळखतं. मास्कने ओठ झाकले की ही मदत जाते.

मास्क निवडणं आणि बसवणं

मास्क कशासाठी लावायचा आहे, हे आधी ठरवा. आपल्याकडून मुलांना काही जाऊ नये एवढाच हेतू असेल तर तीन पदरी सर्जिकल मास्क पुरतो. खोक्यावर आयएस १६२८९ हा भारतीय मानकाचा क्रमांक पाहून घ्या. आपल्यालाच संसर्गापासून किंवा बारीक धुळीपासून वाचायचं असेल तर एन-९५ किंवा एफएफपी-२ लागतो. त्यावर आयएस ९४७३ हे मानक छापलेलं असतं. झडप असलेला मास्क वर्गात नको. आत येणारी हवा तो गाळतो, पण तुमचा उच्छ्वास झडपेतून न गाळता बाहेर सोडतो. आणि ताप-खोकला असेल तर मास्क लावून शाळेत जाण्यापेक्षा रजा टाका.

दिवसभर बोलणाऱ्या माणसाचा मास्क तोंडाला चिकटता कामा नये. सपाट मास्क बोलताना ओठांत ओढला जातो, ओला होतो आणि ओला झाला की श्वास जड होतो. एन-९५ घ्यायचा असेल तर माशाच्या तोंडासारखा पुढे येणारा, तीन घड्यांचा घ्या. त्यात ओठांपुढे जागा राहते. कानात अडकवायच्या पट्ट्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे इलॅस्टिक चांगले: पाच-सहा तासांनी कानामागे दुखत नाही आणि मास्क सरकतही नाही.

बसवताना असं करा:

१. आधी नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा. एका हाताने चिमटीत धरली की मधोमध टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फटी राहतात.

२. खालची कड हनुवटीच्या खाली न्या, हनुवटीवर ठेवू नका. बोलताना जबडा खाली जातो आणि मास्कला सोबत ओढतो. नाक उघडं पडण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

३. तोंड पूर्ण उघडून ‘आई, आजोबा, आकाश, आगगाडी’ असं सलग दहा वेळा म्हणा. मास्क नाकावरून घसरला तर तो मास्क तुमच्या मापाचा नाही. सर्जिकल मास्क सैल असेल तर कानाच्या पट्टीला, अगदी कापडाला लागून, एक गाठ मारा आणि बाजूची चुणी आत दुमडा.

४. चष्मा मास्कच्या वर बसवा. तरी काच धुरकट होत असेल तर नाकावरच्या कडेला मायक्रोपोर चिकटपट्टीचा एक तुकडा लावा. काच धुरकट होते म्हणजे हवा वरच्या फटीतून निसटते आहे. मास्क नीट बसलेला नाही याची ती खूण समजा.

दाढी असेल तर एन-९५ चेहऱ्याला चिकटून बसत नाही. दाढीवरून लावलेल्या एन-९५ च्या भरवशावर राहू नका.

दिवसाला तीन मास्क धरा: एक परिपाठापासून मधल्या सुट्टीपर्यंत, दुसरा त्यानंतर, तिसरा पिशवीत. पावसाळी दमट हवेत पहिला मास्क दोन तासांतच ओला होतो. ओला वाटला की बदला, घड्याळाकडे पाहू नका.

मागच्या बाकाची चाचणी

शिकवायला सुरुवात करण्याआधी दहा मिनिटं काढून ही चाचणी करा. वर्गात पंखा रोजच्यासारखा चालू ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. सहकारी शिक्षकांना शेवटच्या बाकावर वही घेऊन बसवा. तुम्ही मास्क लावून फळ्यापाशी उभे राहा आणि नेहमीच्या आवाजात, वाक्यात न गुंफता हे बारा शब्द उलटसुलट क्रमाने वाचा:

मळ, नळ, साल, शाल, पळ, फळ, तर, थर, दार, धार, काल, खाल.

सहकाऱ्यांनी ऐकू आलं तसं लिहायचं. यादी त्यांना आधी दाखवू नका, नाहीतर कान अंदाज बांधतो. एक-दोन चुका झाल्या तर बोलण्याचा वेग कमी करून भागेल. चारच्या पुढे गेल्या तर उभं राहण्याची जागा बदलावी लागेल किंवा माइक लागेल. कोणते शब्द चुकले तेही पाहा. साल-शाल चुकत असेल तर मास्कचं कापड जाड आहे. सगळंच चुकत असेल तर दोष मास्कचा नाही. पंख्याचा खडखडाट किंवा खोलीतला घुमारा कारणीभूत आहे. पंखा पाचवरून तीनवर आणा, पण खिडक्या बंद करू नका. हवा खेळती राहणं मास्कइतकंच महत्त्वाचं आहे.

मग जागा. मोकळ्या मैदानात ऐकणाऱ्याचं अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. चार भिंतींच्या आत थोडा कमी, पण वाढतो. म्हणजे फळ्यापासून निघून बाकांच्या कडेने वर्गाच्या मध्यापर्यंत आलात तर सर्जिकल मास्कने खाल्लेलं बहुतेक परत मिळतं, आणि घशाला काही कष्ट पडत नाहीत. उभं राहा खिडकीच्या बाजूला, जवळच्या मुलापासून दोन हात अंतर ठेवून.

बोलायचं कसं

वेग पाऊणपट करा. शब्द ताणून म्हणायचे असा याचा अर्थ नाही. दोन वाक्यांमध्ये जागा सोडायची. एक वाक्य, मग मनात ‘एक, दोन’, मग पुढचं वाक्य. शब्द ताणले तर स्वर लांबतात, व्यंजनं तशीच राहतात, आणि ऐकणाऱ्याला उलट त्रास होतो.

वाक्याच्या शेवटाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याच्याही नंतर. बोलताना श्वास संपत येतो आणि आवाज नेमका तिथेच पडतो. मास्कमध्ये श्वास एरवीपेक्षा लवकर संपतो. ‘हा प्रश्न वहीत लिहायचा नाही’ म्हणालात की मागच्या दोन रांगांना ‘लिहायचा’पर्यंत ऐकू येतं आणि त्या लिहायला लागतात. मुलं ऐकत नाहीत असं वाटून चिडण्याआधी आपलं वाक्य तपासा. उपाय दोन आहेत. सूचना होकारार्थी द्या: ‘वह्या बंद. पेन्सिल खाली. फक्त ऐका.’ आणि वाक्य सात-आठ शब्दांच्या पुढे नेऊ नका, म्हणजे शेवटाला श्वास उरतो.

विषय बदलताना नाव घेऊन सांगा: ‘आता भूगोल. पान ३२. नकाशा.’ एकदा काय चाललंय ते कळलं की मूल अर्धे शब्द संदर्भाने भरून काढतं. संदर्भच कळला नसेल तर नीट ऐकू आलेले शब्दही निसटतात.

मुलाने ‘पुन्हा सांगा’ म्हटलं की तेच वाक्य मोठ्याने म्हणू नका. शब्द बदलून सांगा. जो शब्द एकदा कळला नाही तो त्याच मास्कमधून दुसऱ्यांदाही कळत नाही.

चेहऱ्यावरचं हसू दिसत नाही, हे दिवसभर लक्षात ठेवावं लागतं. दिसतात त्या भुवया, आणि मन लावून ऐकतानाच्या आक्रसलेल्या भुवया लहान मुलांना रागाच्या वाटतात. म्हणून शाब्बासकी तोंडाने द्या, मान डोलवा, टाळी वाजवा. पहिली-दुसरीत आणि नव्या वर्गात आपला बिनमास्कचा, हसरा, पोस्टकार्डाएवढा फोटो फळ्याच्या कोपऱ्यात लावून ठेवा. सर कसे दिसतात, बाई कशा हसतात, हे मुलांना माहीत असायलाच हवं.

श्रुतलेखन आणि संख्या

मास्कमध्ये श्रुतलेखन घेणं हे सगळ्यात अवघड काम. इथे संदर्भ कमी आणि अक्षरच महत्त्वाचं. तीन नियम पाळा. सुटा शब्द घालू नका, आधी वाक्यात म्हणा, मग सुटा म्हणा: ‘थंडीत आजी शाल पांघरते. शाल.’ घोटाळ्याच्या अक्षरांना ठरलेली ओळख द्या: शहामृगातला श, समईतला स, पोटफोड्या ष, बाणातला ण, नळातला न, कमळातला ळ. ही ओळख पहिल्याच आठवड्यात भिंतीवर तक्त्यावर लावा. तिसरं, गुण देताना श-स, त-थ, म-न यांची चूक दिसली तर वहीत लाल खूण करण्याआधी त्या मुलाला शब्द म्हणायला सांगा. ते बरोबर म्हणत असेल तर चूक ऐकण्याची आहे, लेखनाची नाही, आणि तिचे गुण कापणं अन्यायाचं.

मराठी संख्यांचं तर विचारूच नका. सत्तावीस-सत्तावन्न, त्रेपन्न-त्रेसष्ट, एकोणसाठ-एकोणसत्तर यांत फरक सांगणारा तुकडा शेवटी असतो, म्हणजे आवाज पडतो तिथेच. कागदाच्या पट्टीवर लिहिलेली संख्या दाखवत बोला, किंवा जोडून म्हणा: ‘त्रेसष्ट, साठ आणि तीन.’ दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये अशी दशक-एकक वाचनाची पद्धत आली तेव्हा बराच वाद झाला. त्या वादात तुमची बाजू कोणतीही असो, मास्कमध्ये दोन्ही रूपं पाठोपाठ म्हणण्याचा उपयोग होतो.

फळा आणि खुणा

फळ्याकडे तोंड करून बोलणं पूर्ण बंद. मास्क आणि पाठ दोन्ही आडवे आले की पहिल्या बाकालाही कळत नाही. आधी लिहा, वळा, मग बोला. तास सुरू होण्याआधी फळ्याच्या डाव्या कडेला तीन ओळी असू द्या: विषय, पान क्रमांक, आजचा स्वाध्याय. अक्षर किमान चार बोटं उंच, आणि लिहून झाल्यावर स्वतः मागच्या भिंतीपाशी जाऊन वाचा. डस्टर ओला वापरा, आणि खडूचा हात मास्कला लावू नका. ती भुकटी पुढचा तासभर नाकाशी राहते.

सहा खुणा पुरतात: ऐका, लिहा, थांबा, पुस्तक उघडा, बरोबर, आणि मुलांनी करायची एक, तळहात कानामागे म्हणजे ‘ऐकू आलं नाही’. ही शेवटची खूण करणाऱ्या मुलाला कधीही रागावू नका. एकदा रागावलात की ती खूण वर्गातून जाते, आणि मग कुणाला कळलं नाही हे तुम्हाला परीक्षेतच कळतं.

पहिली-दुसरीचं वाचन

इथे ओठ दिसणं ही गरज आहे. नवं अक्षर शिकवताना पाच मिनिटांसाठी मुलांना व्हरांड्यात किंवा पटांगणात न्या, तुम्ही दोन मीटर अंतरावर उभे राहा, मास्क काढा, उच्चार दाखवा, पुन्हा लावा. तुम्हाला मास्क अजिबात काढता येत नसेल तर घरी मोबाइलवर फक्त ओठांचा, अक्षरागणिक दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि वर्गात तो दाखवत शिकवा.

महाप्राण हाताने शिकवता येतात, आणि हे मास्क नसतानाही करण्यासारखं आहे. प्रत्येक मुलाने आपलाच तळहात आपल्या तोंडासमोर चार बोटांवर धरायचा आणि म्हणायचं: क… ख. प… फ. त… थ. दुसऱ्या अक्षराला हाताला वारा लागतो. मग बोटं गळ्यावर ठेवून क… ग, त… द: दुसऱ्याला गळा थरथरतो. तुमचे ओठ झाकलेले असले तरी फरक मुलाच्या स्वतःच्या अंगात सापडतो. यासाठी मुलांनी मास्क लावलेला नसावा. पाच वर्षांखालच्या मुलांना तर मास्क लावायची शिफारसच नाही.

कविता आणि पाढे समूहाने म्हणायचे असतील तर बाहेर, एकेक रांग आळीपाळीने. पळण्याच्या खेळात मास्क नको.

कमी ऐकू येणारं मूल

आधी चौकशी करा. श्रवणयंत्र लावणारी मुलं दिसतात. एका कानाने कमी ऐकणारी, कान वाहणारी मुलं दिसत नाहीत, आणि आजवर ती ओठ वाचून निभावत आलेली असतात. मास्क लागल्यावर एखाद्या मुलाचं अचानक लक्ष उडालं, ते शेजारच्या वहीत पाहून लिहू लागलं, तर आधी कान तपासून घ्यायला सांगा.

अशा मुलासाठी पारदर्शक मास्क सुचवला जातो. त्याने ओठ दिसतात, पण आवाज सगळ्यात जास्त तोच अडवतो. म्हणून तो माइकसोबतच वापरा, आणि प्लास्टिकवर वाफ धरते म्हणून आतून साबणाच्या पाण्याचा पातळ हात फिरवून कोरडा पुसून घ्या. मूल स्वतः मास्क लावत असेल तर डोक्यामागे बांधायचा द्या. कानाची पट्टी ओढताना श्रवणयंत्र निघून पडतं आणि हरवतं. जागा पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून, म्हणजे उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडतो.

माइक

कमरेला बांधायचा छोटा ॲम्प्लिफायर आणि डोक्याला अडकवायचा माइक, एवढी सोय पुरेशी आहे. माइक मास्कच्या आत घालू नका. श्वासाचा खरखराट होतो आणि वाफेने तो बिघडतो. मास्कच्या बाहेर, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर, कापडाला घासणार नाही असा ठेवा. कॉलरला लावायचा माइक असेल तर हनुवटीखाली एक वीत. मास्कमुळे त्याचा आवाज फारसा बिघडत नाही, कारण काही ध्वनी मास्कच्या कडांनी खाली वळतो.

आवाजाचं बटण निम्म्यावर. शिट्टी वाजली तर माइक स्पीकरच्या समोर आला आहे असं समजा. स्पीकर कमरेवर न ठेवता वर्गाच्या मध्यावर बाकावर, मागच्या रांगांकडे तोंड करून ठेवला तर शिट्टीही थांबते आणि आवाजही सारखा पसरतो. पत्र्याच्या छतावर पावसाची सर कोसळायला लागली की माइकचाही इलाज चालत नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी लेखी काम तयार ठेवा आणि बोलणं सरळ थांबवा.

मुलांची उत्तरं

मुलांनीही मास्क लावले असतील तर एकसुरात दिलेल्या उत्तराचा अर्थ काढू नका. कोण म्हणालं, कोण नुसतंच मान हलवत होतं, कळत नाही. पाटी वापरा: प्रश्न, अर्धा मिनिट, पाट्या वर. तोंडी उत्तर हवं असेल तर नाव घ्या, मुलाला उभं करा, आणि त्याचं उत्तर सगळ्या वर्गासाठी तुम्ही पुन्हा म्हणा. ऐकू आलं नाही तर चारदा ‘काय?’ विचारून लाजाळू मुलाला गप्प करू नका. जवळ जा किंवा लिहून मागा.

घसा आणि पाणी

३५ मिनिटांच्या तासात सलग बोलणं दहा मिनिटांच्या वर नको. दहा मिनिटं सांगणं, मग लेखन, जोडीतलं वाचन किंवा पाटीवरचं काम, मग पुन्हा पाच मिनिटं. द्विशिक्षकी शाळेत दोन वर्ग सांभाळताना हे आपोआप जमतं. एकच वर्ग असेल तर मुद्दाम जमवावं लागतं.

मास्क काढायचा कंटाळा म्हणून शिक्षक पाणी पीत नाहीत, आणि दुपारपर्यंत घसा खरवडल्यासारखा होतो. प्रत्येक तासानंतर व्हरांड्यात जाऊन अर्धा पेला पाणी प्या. पट्ट्या धरून मास्क काढा, पुढच्या भागाला हात लावू नका, कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत तो ओलाच राहतो. सारखं खाकरू नका, त्याने स्वरतंतू एकमेकांवर आदळतात. त्याऐवजी आवंढा गिळा. घसा बसलाय म्हणून कुजबुजत बोलल्यानेही आराम मिळत नाही. हळू पण नेहमीच्या आवाजात बोला. चक्कर, डोकेदुखी वाटली तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत जाऊन मास्क काढा.

घरी गेल्यावर कापडी मास्क साबण आणि गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. सर्जिकल मास्क धुवायचा नसतो. त्याच्या पट्ट्या कापा, कागदात गुंडाळून तीन दिवस बाजूला ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. शाळेच्या उघड्या टोपलीत नको, मुलं तो उचलतात. आवाजातला घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर लिंबू-मध करत बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्या.